अंगणातलं शूर्पारक

आमचे घरमालक जेवायला बसले की आधी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आला समुद्र." मग भाकरी मोडायची. हे रोजचं. लग्नाच्या पंगतीतही तेच आणि तेरवीच्या जेवणातही तेच. एकदा एका तेरवीला शेजारी बसलेल्या परगावच्या पाहुण्यानं घाबरून वाढणाऱ्याला विचारलं, "यायचं डोकं बरोबर हाय ना?" वाढणारा म्हणाला, "डोकं एकदम बरोबर हाय जी. फक्त ते इथं राहत नाही."

खरं होतं ते. माणूस मारेगाव तालुक्यात आणि डोकं दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोकण किनाऱ्यावर, शूर्पारक नावाच्या बंदरात. मारेगावच्या हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा लोकांना वाटलं, आता शांत बसतील. कसचं काय! शाळेत निदान घंटा व्हायची.

मी त्यांची भाडेकरू. नुकतीच नोकरीला लागले होते, गावातल्या प्राथमिक शाळेत. वणीची मी, वडील कोळशाच्या खाणीत, घरात सगळ्यांचे आवाज चढे, त्यामुळे कोणाला भ्यायची सवय नव्हती. ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तर या माणसानं ना माझं नाव विचारलं, ना जात, ना लग्नाचं. माझ्या कानातल्या मोत्यांच्या फुलांकडं बोट दाखवून म्हणाले, "हे कुठून आले?"

"वणीच्या बाजारातून."

"त्याच्या आधी?"

"दुकानदारानं नागपूरहून आणले असतील."

"त्याच्या आधी?"

ऊन मी म्हणत होतं, ट्रंकेनं हात अवघडला होता. मी वैतागून म्हटलं, "समुद्रातून आले असतील, आणखी कुठून येणार!"

सरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "खोली तुमची," म्हणाले. मोती प्लास्टिकचे होते, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही.

ट्रंक उघडताना वर बुद्धाची लहान मूर्ती होती. ती पाहून ते थबकले. मला वाटलं, आता काहीतरी निघणार. म्हणाले, "यायच्या भिक्खूंचे आपल्यावर लय उपकार हायेत. इथून कापसाच्या गाड्या निघाल्या की ते संगं चालत. गाडीवानाले सोबत, भिक्खूले सोबत." माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा लोक म्हणाले होते, यायनं नवा धर्म काढला. आणि हा म्हातारा म्हणत होता, नवा कायचा, या वाटेवर तुमचा पाय जुना आहे. मला इतकं बरं वाटलं की मोरीचं दार लागत नव्हतं तेही मी चालवून घेतलं.

त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: आधी ओझं, मग वाट, मग बंदर. लोक समजतात, समुद्रकाठी कोणीतरी शहर वसवलं आणि मग तिथं माल यायला लागला. सर म्हणायचे, साफ उलटं. माल आधी. कापूस इथल्या काळ्या मातीत पिकला, इथल्या बायांनी कातला, त्याचं कापड झालं. एवढं कापड कोण नेसणार? म्हणून गाड्या पश्चिमेकडं निघाल्या. जिथं जमीन संपली तिथं गाड्या थांबल्या आणि जिथं थांबल्या तिथं शहर झालं. "शूर्पारक समुद्रानं नाही जन्माले घातलं," ते टेबल नसेल तिथं मांडीवर मूठ आपटून म्हणायचे, "आपण घातलं!" समोर बहुतेक वेळा मी असायची, नाहीतर शेळी.

हे शूर्पारक त्यांनी अंगणात बांधलं होतं. खरंच. मातीचं. खाडी, धक्का, गोदामं, मागं स्तूप, आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांच्या डोलकाठ्या उभारलेली जहाजं. दर पावसाळ्यात ते विरघळून जायचं आणि दिवाळीनंतर सर ते नव्यानं बांधायचे. पण जसंच्या तसं नाही. वर्षभरात मत बदललेलं असायचं. एका वर्षी धक्का उत्तरेला, पुढच्या वर्षी दक्षिणेला. सगळं गाव अंगणातून जाताना खाडी ओलांडून जायचं, कारण पाय पडला तर सर ओरडायचे, "बुडसान ना बे!"

काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, या शहरावर काही म्हणणं नव्हतं. फक्त अंगणात ऊन पडायची जागा तेवढीच. सर सकाळी जहाज घेऊन आले की काकू आतून सांगायच्या, "आज तुमच्या धक्क्यावर मिरच्या वाळत हायेत. जहाजं उद्या लावा." सर मुकाट्यानं जहाज ओट्यावर ठेवायचे. एवढ्या मोठ्या बंदरावर चालणारा दुसऱ्या कोणाचा हुकूम मी पाहिला नाही.

दात ते कडुनिंबाच्या काडीनं घासत आणि टूथब्रशनं मातीत सापडलेली जुनी खापरं. सदऱ्याच्या खिशात ब्रश आणि हातात खुरपी, अशा थाटात गावाबाहेर फिरायचे. वाटेत कोणी काही खात असलं की विचारणार, कुठून आलं? पानवाल्याच्या सुपारीची चौकशी, बाजारातल्या बोंबलाची चौकशी, सत्यनारायणाच्या पूजेत भटजींच्या शंखाची चौकशी. भटजींनी तर पूजा सांगताना शंख पिशवीत ठेवायला सुरुवात केली होती. गावात म्हणत, एखाद्याला भूत लागते, सरायले समुद्र लागला.

तरुणपणी ते एकदा खरंच जाऊन आले होते तिथं. शूर्पारक शोधत गेले आणि इमारतींच्या जंगलात हरवले. लोकांना विचारायचे, बंदर कुठं आहे? लोक म्हणायचे, इथं कुठलं बंदर काका, चुकलात तुम्ही. शेवटी स्तूपाजवळ पोचले. खाडी गाळानं भरून गेलेली, समुद्र पार लांब सरकलेला. तिथल्या चौकीदारानं विचारलं, कुठून आलात? सर म्हणाले, "हे शहर जिथून आलं तिथून." चौकीदारानं त्यांना पाणी पाजलं आणि सावलीत बसवलं. ही गोष्ट सांगताना ते हसायचे, पण मग गंभीर व्हायचे. "बंदराले समुद्र सोडून गेला, मॅडम. आपल्याले कापूस सोडून गेला का? नाही ना? मंग आपलं त्याच्याहून बरं चाललं."

आपलं बरं चाललंय असं त्या वर्षांत म्हणणारा तालुक्यात तो एकच माणूस असावा. ती कापसाची पडती वर्षं. भाव पडलेला, बोंडं अळीनं पोखरलेली, आणि जे हाती लागलं तेही कोणी घेईना. गावात हसणं कमी झालं होतं. संध्याकाळी पारावर माणसं बसायची, पण बोलायची नाहीत. शाळेत पोरांना 'माझे गाव' असा निबंध लिहायला सांगितला तर दोन ओळींच्या पुढं कोणी जाईना.

एकदा मी पगाराच्या कामाला मारेगावला गेले, सर सोबत होते. सरकारी कापूस संकलन केंद्राबाहेर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. गाड्यांखाली माणसं झोपलेली, बैल कंटाळलेले. सर रांगेच्या शेवटापासून सुरुवातीपर्यंत चालत निघाले, प्रत्येक गाडीवानाला सांगत, "अशीच रांग शूर्पारकच्या खाडीवर लागत होती बरं!" मी मान खाली घालून मागं. रांगेत आमच्याच गावचा सुदाम होता. उंचापुरा, रागीट, तोंडाचा फटकळ. तो गाडीवरून म्हणाला, "मास्तर, परवापासून उभा हाय इथं. तुमचं एखांदं जहाज पाठवा ना मंग!"

सर अगदी मनापासून म्हणाले, "वारा सुटला नाही ना अजून. वारा फिरल्याशिवाय जहाज निघत नोतं, सुदाम. त्याहीलेही वाट पाहा लागे."

सगळी रांग हसली. कोणीतरी आत कापसाची प्रत ठरवणाऱ्या साहेबाकडं पाहून ओरडलं, "ग्रेडर साहेब, वारा सोडा हो!" झोपलेली माणसं उठून बसली. त्या मोसमात मी ऐकलेलं ते पहिलं मोठं हसणं. पण हसू ओसरल्यावर सुदाम हळूच म्हणाला, "हसाले ठीक हाय मास्तर. पन आपल्या मातीतच दम नाही राह्यला. कधी होता का, तेही देव जाने."

 येताना एसटीतून फाट्यावर उतरल्यावर सर म्हणाले, "बाकी काहीही म्हणा म्हणावं. हे नाही म्हणाचं." मला वाटतं, त्या दिवसापासून शूर्पारक हा त्यांचा छंद उरला नाही. सुदामला उत्तर द्यायचं होतं त्यांना.

उत्तर द्यायची त्यांची पद्धत मात्र त्यांचीच. शेजारच्या बंजारा तांड्याचे नायक त्यांचे दोस्त. नायकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून देशोदेशी जायचे. त्याला ते लदेणी म्हणत. सरांनी ठरवलं, लदेणी करून पाहायची. दोन बैलांवर कापूस लादला आणि दोघे म्हातारे पश्चिमेकडं निघाले. गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं. काकूंनी दशम्या बांधून दिल्या आणि मला म्हणाल्या, "उद्या भाजी जास्त टाकजो वं माय, येतीन वापस." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पुढचं करंजी गावसुद्धा न गाठता, दोघे परत. सरांच्या पायाला फोड, नायक लंगडत, बैल तेवढे ताजे. मी विचारलं, "काय झालं सर?"

"प्रयोग यशस्वी."

"यशस्वी?"

"वाट लय कठीण हाय, हे सिद्ध झालं. इतक्या कठीण वाटेनं मानूस उगाच जाईन का? म्हणजे तिकडं आपल्या मालाले गिऱ्हाईक होतंच!"

नायक ओट्यावर पाय चोळत होते. म्हणाले, "मास्तर, सिद्ध करायचं काही राह्यलं असन तं मले बोलावू नको."

आता रिठाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. रिठ म्हणजे उठून गेलेलं जुनं गाव. आमच्या गावाबाहेर नाल्याच्या काठी अशी एक मोठी टेकाडी होती. तिथली माती पांढरी, भुसभुशीत. गावातल्या सगळ्या भिंती त्या मातीनं सारवलेल्या. रिठावर प्रत्येक घराचा आपला खड्डा ठरलेला, आज्या-पणज्यापासून. आपल्या खड्ड्यातून माती काढायची, दुसऱ्याच्या खड्ड्याकडं पाहायचंही नाही. दोन खड्ड्यांच्या मधे जो मातीचा पट्टा राहतो, त्याला शेतातल्या बांधासारखंच धुरा म्हणत. आणि धुऱ्यावरून आमच्याकडं काय होतं, ते वऱ्हाडात जन्मलेल्याला सांगायला नको. धुऱ्याला कुदळ लागली की डोकी फुटायची. त्यामुळं खड्डे वर्षानुवर्षं खोल गेले आणि मधले धुरे भिंतींसारखे उभे राहिले. सगळ्यात उंच धुरा सुदाम आणि त्याचा चुलतभाऊ नामदेव यांच्या खड्ड्यांमधला. नामदेव गावचा सरपंच. दोघांमधलं बोलणं त्या धुऱ्यापायी बंद होतं.

या रिठात सरांना खापरं मिळायची, मणी मिळायचे. टकळीला लावायच्या मातीच्या चकत्या तर किती! "इथं घरोघरी सूत कातत होते," ते सांगायचे. पण शहरातल्या अभ्यासकांना पत्र पाठवलं की उत्तर यायचं, मातीच्या वर सापडलेल्या वस्तूंवरून काही ठरत नाही. कोणत्या थरात सापडलं ते हवं. सर हताश होऊन खड्ड्यांकडं पाहायचे. "सारं पोखरून ठेवलं. गावानं आपला इतिहास भिंतीले फासला." बायांना सांगून पाहिलं, माती काढू नका. सुदामची आई, शेवंताबाई, तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "मंग भिती काय तुमच्या समुद्राच्या पान्यानं सारवू का, मास्तर?"

अशात वणीकडचा एक वीटभट्टीवाला गावात आला. त्याला रिठाची माती हवी होती, सगळीच. बदल्यात तो शाळेला दोन पक्क्या खोल्या बांधून देणार होता.

शाळा म्हणजे एक खोली आणि चार वर्ग. माझा वर्ग लिंबाखाली. मी फळ्यावर बेरीज लिहायची आणि बकरी येऊन पोरांच्या पिशव्या चघळायची. पाऊस आला की समाजमंदिराच्या ओट्यावर पळायचं. मला त्या खोल्या हव्या होत्या, अगदी मनापासून हव्या होत्या. सर ग्रामसभेत विरोधाला उभे राहणार हे कळल्यावर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच धक्क्यावर उभी राहून. "मेलेल्या गावासाठी जित्या पोरांनी उन्हात बसायचं का सर?"

त्यांनी माझ्या पायाजवळचं कलंडलेलं जहाज सरळ केलं. मग म्हणाले, "बसवा पोरायले खोलीत. शिकवसान काय मॅडम? का आपल्या गावात कधी काहीच नोतं?"

 माझा राग मात्र गेला नाही.

ग्रामसभेत सर एकटे पडले. शेवटी नामदेवनं मधला मार्ग काढला. नागपूरच्या उत्खनन करणाऱ्या एक बाई त्या दिवसांत वर्धा नदीकाठची जुनी गावं पाहत फिरत होत्या, आणि सरांच्या पत्राला त्यांनी येते म्हणून कळवलं होतं. नामदेव म्हणाला, "सर, तुमची बाई येऊन पाहून जाऊ द्या. तिनं म्हतलं काही हाय, तं हाय. नाही म्हतलं, तं ट्रॅक्टर लागन. मंग तुमी आडवे येसान नाही. द्या शब्द." सरांनी शब्द दिला. दिला खरा, पण घरी येऊन खाडीच्या काठावर बसून राहिले. "दाखवू काय तिले?" म्हणाले. "खड्डे?" त्या रात्री त्यांनी मीठ जिभेवर ठेवलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की हा माणूस हरला तर मोडेल.

बाई यायच्या त्या सकाळी मी आणि सर फाट्यावर जाऊन उभे राहिलो. त्यांची जीप आली. बाई चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेला. सर इतके घाबरले होते की नमस्कार करून त्यांनी एकदम विचारलं, "तुमची टोपी कुठून आली?" टोपी नव्हतीच. बाई हसल्या, तेवढंच जरा बरं वाटलं.

जीप रिठाजवळ थांबली आणि समोर पाहताच सर तिथंच मातीत बसले. 

सगळं रिठ सारवलेलं होतं! आमच्याकडं पाहुणा यायचा असला की न सारवलेल्या जागी त्याला कसं नेणार? पाहुणी रिठ पाहायला येणार, म्हणजे रिठ सारवायला हवं. इतकी साधी गोष्ट. शेवंताबाईनं आदल्या दिवशी साऱ्या बायांना जमवलं होतं. खड्ड्यांच्या भिंती, धुरे, सगळ्यांवर शेण-मातीचे दोन हात, कडेनं गेरूचा पट्टा, खाली रांगोळी. आणि त्या सगळ्यात उंच धुऱ्यावर कोणा हौशीनं चुन्यानं लिहिलं होतं: सुस्वागतम.

बाया डोक्यावर पदर घेऊन ओळीनं उभ्या. शेवंताबाई पुढं होऊन सरांना म्हणाली, "पाहा मास्तर. तुमच्या पाहुणीपुढं गावाची मान खाली नाही जाऊ देल्ली."  सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. ज्या मातीचे थर दाखवायचे, तीच लिंपून टाकलेली. मलाही हसावं की रडावं कळत नव्हतं. नामदेव बाजूला उभा राहून घड्याळ पाहत होता.

बाई धुऱ्यापाशी गेल्या. हात लावून पाहिला. मग शेवंताबाईकडं वळल्या. "मावशी, इतकं सुरेख सारवलंय. थोडंसं खरवडलं तर चालेल का?"

"खरवडा ना माय," शेवंताबाई म्हणाली, "पाहुन्याले कोन नाही म्हन्ते? उद्या अजून सारवू."

बाईंनी पिशवीतून लहानशी टोकदार थापी काढली आणि 'सुस्वागतम'मधल्या 'सु'पासून सुरुवात केली. सारवणाचा पापुद्रा सुटून खाली पडला. त्यांनी आणखी खरवडलं. 'स्वा' गेला, 'ग' गेला. आणि त्या एकदम थांबल्या. दोन पावलं मागं आल्या. शेणामातीचा ओलावा आत मुरला होता आणि एरवी उन्हानं धुळकट दिसणारी धुऱ्याची माती रंग धरून उभी होती. वर राखाडी, मग पिवळट, त्याखाली राखेची काळी रेघ, मग चोपलेली जमीन, पुन्हा राख. लुगड्याच्या काठासारखे एकावर एक पट्टे, पायापर्यंत.

"आम्ही थर दिसावेत म्हणून पाणी फवारतो," बाई हळूच म्हणाल्या. "मावशींनी आधीच करून ठेवलंय." मग मोठ्यानं विचारलं, "ही भिंत इथं कोणी ठेवली?"

झालं! नामदेव पुढं आला. "आमची हाय. याच्या बापानं कुदळ मारली होती, माह्या बापानं हात धरला त्याचा."

"खोटं बोलून राह्यला!" सुदाम उसळला. "याच्या आज्यानंच रातच्या रात कोरली असती. माहा आजा इथं बाज टाकून झोपत होता!"

"मंग झोपला काहून? धुरा काय बाजेवर पडून राखते?"

दोघे कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलत होते, तेही असे. बाईंनी विचारलं, "किती जुनं आहे हे भांडण?"

"आज्याच्या आज्यापासून," दोघे एकदम म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. "अहो, आम्ही खणताना दोन खड्ड्यांच्या मधे अशीच भिंत मुद्दाम सोडतो, थर वाचता यावेत म्हणून. तुमच्या घराण्यांनी भांडून ती राखली. नसतात भांडला तर आज इथं काहीच नसतं." सुदाम आणि नामदेव एकमेकांकडं पाहायला लागले. आयुष्यभर ज्याची लाज वाटावी अशी गोष्ट, आणि ही बाई शाबासकी देत होती.

मग काम सुरू झालं. बाई इंच इंच खरवडत खाली गेल्या. सर उठून त्यांच्या मागं उभे होते, हात पाठीशी घट्ट बांधून, हात लागू नये म्हणून. उन्हं चढली. बाया बसून घेत होत्या, पण घरी कोणी गेलं नाही. आणि तळाशी, राखेच्या रेघेत, बाईंची थापी थांबली. त्यांनी ब्रश फिरवला. बांगडीचा तुकडा. पांढरा, जाड, कोरलेला. वीतभर अंतरावर, त्याच राखेत, टकळीची मातीची चकती.

"शंख," बाई म्हणाल्या.

"खालच्या थरात?" सर पुढं वाकले.

"खालच्या थरात. जागेवर. कोणी हलवलेला नाही."

झालं, सरांनी तोंड उघडलं. आधी ओझं, मग वाट, मग बंदर. शूर्पारक, गाड्या, भिक्खू, सगळं एका दमात. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "सर, खोटं नाही बोलणार मी. शूर्पारक कसं जन्मलं, ते यावरून सिद्ध होत नाही. त्याला तिथलं आणि इथलं खूप खणावं लागेल. यावरून एवढंच कळतं की इथं, एकाच घरात, एकाच वेळी, सूत कातलं जात होतं आणि समुद्रातला शंख हातात घातला जात होता. पण हे रिठ खणण्यासारखं आहे. हे मी लिहून देईन."

मी सरांकडं पाहिलं. या माणसानं आयुष्यात कोणाचं 'एवढंच' ऐकून घेतलं नव्हतं. भटजींशी भांडले होते ते, काकूंशी सोडून सगळ्यांशी. पण ते हळूच म्हणाले, "एवढं लय झालं. बाकीचं मी एकट्यानंच कायले करू? पोरं हायेत ना." आणि लहान पोरासारखे रडायला लागले, पदराआड नाही, रुमालाआड नाही, सगळ्यांदेखत.

सुदाम धुऱ्याजवळ उकिडवा बसला होता. त्या शंखाच्या तुकड्याकडं एकटक पाहत. म्हणाला, "बाई, हे तिकडून इकडं आलं. मंग इकडून तिकडं काय गेलं?"

बाईंनी त्या चकतीकडं बोट दाखवलं.

सुदामनं धुऱ्याच्या पायाशी पडलेली माती मुठीत घेतली. मग मान वर करून सगळ्यांना म्हणाला, "म्हंजे त्याहीचं आपल्याबिगर भागत नोतं!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण माणसं नीट उभी राहिली. मला दुसरा शब्द सुचत नाही. इतक्या दिवसांची वाकलेली माणसं पाठ ताठ करून उभी राहिली आणि एकमेकांकडं पाहू लागली.

तेवढ्यात नाल्याकडून ट्रॅक्टर आला. भट्टीवाल्याला वाटलं असावं, बाई काय, पाहून नाही म्हणणार आणि जाणार. त्यानं दुपारीच गाडी पाठवून दिली होती. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "सरपंच, कोनत्या बाजूनं भरू?"

सगळ्यांनी नामदेवकडं पाहिलं. नामदेवनं धुऱ्याकडं पाहिलं, मग चुलतभावाकडं. घसा खाकरला आणि म्हणाला, "सुदाम, तू सांग."

सुदाम उठला. हाताची माती झटकायला गेला आणि झटकलीच नाही. "मोकळा ने, बाबू," तो ड्रायव्हरला म्हणाला. "ही माती द्याची नाही आमाले."

ट्रॅक्टर वळला आणि मोकळी ट्रॉली खडखडत नाल्यापलीकडं निघाली. माझ्या दोन पक्क्या खोल्या त्या ट्रॉलीतून परत चालल्या होत्या, आणि मी शेवंताबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून आनंदानं रडत होते.